स्लाव हंसाचा ‘ग’ कुठला?

हंसाला लिथुएनियन भाषेत ‘झासिस’ म्हणतात आणि रशियन भाषेत ‘गूस’. या दोन भाषा नकाशावर शेजारणी आहेत. इंडो-युरोपीय कुळातही त्यांच्या शाखा, म्हणजे बाल्टिक आणि स्लाविक, इतक्या जवळच्या आहेत की बहुतेक अभ्यासक त्यांना ‘बाल्टो-स्लाविक’ या एकाच नावाखाली घेतात. मग एकाच पक्ष्याच्या नावात एकीकडे ‘झ’ आणि दुसरीकडे ‘ग’ असे का व्हावे? प्रश्न एका अक्षराचा आहे, पण त्यावर विद्वानांत दीर्घकाळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, स्लाव लोकांनी हंसाचे नाव जर्मानिक शेजाऱ्यांकडून उसने घेतले. दुसरा म्हणतो, शब्द घरचाच आहे, फक्त त्याच्या वाट्याला एक अपवाद आला. या लेखात मी दोन्ही बाजूंचा पुरावा तपासणार आहे आणि मला कोणती बाजू पटते, तेही सांगणार आहे.

आधी उच्चारांविषयी थोडे. ‘झासिस’मधला ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला नव्हे. ‘श’ उच्चारता उच्चारता गळा घुमवला की जो ध्वनी येतो, तो हा. त्याचप्रमाणे ‘स’ म्हणताना गळा घुमवला की जो येतो तो मी नुक्ता देऊन ‘ज़’ असा लिहिणार आहे. एवढा फरक कानात ठेवला तर पुढची वाट सोपी आहे.

मराठी वाचकाने ही चौकशी वाचावी याला कारण आहे. या पक्ष्याचे तिसरे भावंड आपल्याच तोंडी आहे : हंस. लिथुएनियन आणि संस्कृत यांच्या साम्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्याचाही या प्रश्नाशी थेट संबंध येतो. मी भाषाशास्त्र कोणत्याही विद्यापीठात शिकलेले नाही. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ आणि झ्यूल ब्लोक यांच्या मराठीविषयक फ्रेंच ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला अनुवाद, ही माझी पहिली शाळा. त्यामुळे माझ्यासारख्या हौशी अभ्यासकांमध्ये फिरणाऱ्या याद्या माझ्याकडेही नेहमी येतात : सूनु–सूनुस, अवि–अविस, दंत–दान्तिस, अग्नि–उग्निस, देव–दिएवस. यादीखाली ठरलेले वाक्य असते : लिथुएनियन ही संस्कृतचीच युरोपात नांदणारी लेक. यादीतले शब्द खरे आहेत. त्यांचे नातेही खरे आहे. मात्र लेक असल्याचा निष्कर्ष त्या यादीतून निघत नाही, आणि तो का निघत नाही हे हंसाच्या नावाइतके स्वच्छ दाखवणारा दुसरा शब्द मला भेटलेला नाही.

१

साक्षीदार आधी उभे करू. बाल्टिक बाजूला लिथुएनियन ‘झासिस’ आहे, लाटव्हियन ‘ज़ुओस’ आहे आणि जुन्या प्रशियन भाषेतला ‘सान्सी’ आहे. ही प्रशियन भाषा म्हणजे जर्मन नव्हे. ती लिथुएनियनची बहीण होती आणि अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मावळली. तिच्यातले हंसाचे नाव आपल्याला कळते ते एल्बिंग येथे १८२५ साली सापडलेल्या जर्मन-प्रशियन शब्दसंग्रहामुळे. सुमारे १४०० साली नकललेल्या त्या हस्तलिखितात ८०२ शब्द विषयवार लावलेले होते. मूळ प्रत दुसऱ्या महायुद्धात नाहीशी झाली. एका पूर्ण भाषेच्या पक्ष्यांची नावे अशी एका यादीच्या आधाराने टिकून आहेत.

स्लाविक बाजूला रशियन ‘गूस’, पोलिश ‘गेंश’, स्लोव्हेनियन ‘गोस’, चेक ‘हुसा’. पोलिशने जुना अनुनासिक आजही सांभाळला आहे. लिथुएनियनने तो गमावला आणि बदल्यात स्वर लांबवला. मात्र त्या ‘आ’खाली आजही एक छोटी शेपटी लिहितात, ती पूर्वीच्या अनुनासिकाची खूण. आपण ‘हंस’ म्हणताना ‘न’ स्पष्ट उच्चारत नाही, ‘हंव्स’ असे काहीसे म्हणतो. ‘स’च्या आधी आलेला ‘न’ नाकात विरघळणे ही गोष्ट मराठी कानाला समजावून सांगावी लागत नाही.

बाहेरचे नातेवाईक असे : जर्मन ‘गान्स’, इंग्रजी ‘गूज’, ग्रीक ‘खेन’, लॅटिन ‘आन्सेर’ (आरंभीचा ‘ह’ गळालेला), जुने आयरिश ‘गेश’ आणि संस्कृत ‘हंस’. या सर्वांवरून मूळ शब्द साधारण *घ्यन्स् असा मांडतात. शब्दाआधीची चांदणी सांगते, की हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, ते अनुमानाने उभे केले आहे. ही चांदणी रूढ करण्यात ऑगस्ट श्लायखर यांचा मोठा वाटा होता. १८५२ साली ते प्रशियाच्या ताब्यातल्या लिथुएनियन मुलुखात गेले, शेतकऱ्यांच्या तोंडून भाषा शिकले आणि पुढे लिथुएनियनचे पहिले शास्त्रीय व्याकरण लिहिले.

*घ्यन्स् मधला पहिला ध्वनी म्हणजे तालव्य ‘घ’, जीभ टाळूकडे सरकवून केलेला. या ध्वनीचे पुढे काय झाले याचा नियम पक्का आहे : संस्कृतात ‘ह’, लिथुएनियनमध्ये ‘झ’, स्लाविकमध्ये ‘ज़’. उदाहरणे पाहा. हिवाळ्याला लिथुएनियन ‘झिएमा’ म्हणते, रशियन ‘ज़िमा’, आणि आपल्याकडे हिम, हेमंत. ‘मी वाहून नेतो’ हे लिथुएनियनमध्ये ‘वेझु’, रशियनमध्ये ‘वेज़ू’, संस्कृतात ‘वहामि’. झ, ज़, ह ही तिकडी शब्दामागून शब्दात भेटते.

या नियमाने हंसाचे नाव लिथुएनियनमध्ये ‘झ’ने सुरू व्हायला हवे, ते होते. संस्कृतात ‘ह’ने, तेही होते. स्लाविकमध्ये मात्र *ज़ोन्सि असे काही तरी हवे होते. तिथे ‘ग’ बसलेला आहे. आपला प्रश्न हाच.

२

उसनवारीचा पक्ष प्रथम, कारण तो सोपा आहे आणि वरवर फार समाधान देतो. जर्मानिक भाषांत त्या तालव्य ‘घ’चा ‘ग’ झाला. त्यामुळे तिथे ‘गान्स’ हे रूप नियमानेच येते. स्लाव लोकांनी तोच शब्द उचलला असेल तर ‘ग’चा उलगडा एका वाक्यात होतो. स्लाविकमध्ये जुने जर्मानिक शब्द आहेत याविषयी वाद नाही. रशियन ‘ख्लेब’ म्हणजे पाव आणि ‘क्न्याज़’ म्हणजे राजा, सरदार, हे दोन्ही तिकडून आलेले शब्द मानले जातात.

असे झाले असेल तर ‘गूस’ची स्थिती आपल्या ‘हप्ता’सारखी ठरेल. सप्ताह आणि हप्ता यांचे मूळ एकच, सात या संख्येचे. पण सप्ताह संस्कृतातून आला आणि हप्ता फारसीच्या दाराने. रक्ताचे नाते असूनही हप्ता मराठीत पाहुणाच आहे, आणि ते कळते ‘स’च्या जागी आलेल्या ‘ह’मुळे. म्हणजे घरातल्या शब्दाचाच चुलतभाऊ बाहेरून पुन्हा घरात येऊ शकतो. यात अशक्य काही नाही.

हंसाच्या नावाने अशी भटकंती केल्याचा पुरावाही आहे. स्पॅनिश ‘गान्सो’ हा लॅटिनचा वारस नाही, तो जर्मानिक शब्द आहे. फिनिश भाषा तर इंडो-युरोपीय कुळातलीच नव्हे, पण तिच्यातले हंसाचे नाव ‘हान्ही’ हे प्राचीन बाल्टिक शेजाऱ्यांकडून आलेले आहे. लिथुएनियनने पुढे गमावलेला ‘न’ फिनिशने उसन्या शब्दात जपून ठेवला आहे. शिवाय जर्मानिक मुलुखातल्या हंसांना बाजार होता. थोरला प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, त्याच्या निसर्गविषयक ग्रंथात लिहितो, की जर्मानियातले लहान पांढरे हंस ‘गान्ते’ या नावाने ओळखले जातात आणि त्यांच्या पिसांना पौंडाला पाच दिनार भाव मिळतो. त्या पिसांपायी रोमन सैन्यातल्या काही तुकड्यांचे अधिकारी सगळ्या शिपायांना पहारा सोडून हंस पकडायला पाठवत आणि त्याबद्दल त्यांच्यावर ठपका येई, असेही तो नोंदवतो. बाजारामागून शब्द चालतो, हे आपण मसाल्यांपासून मोबाइलपर्यंत पाहिलेच आहे.

तरीही प्लिनीची साक्ष रोम आणि जर्मानिया यांच्यातल्या व्यापाराची आहे. तिच्यात स्लाव कुठेच नाहीत. ‘असे होऊ शकते’ एवढेच ती सांगते. ‘असे झाले’ म्हणायला शब्दाच्या अंगावरचा पुरावा लागेल.

३

दुसरा एक तर्क मध्येच निकालात काढू. काहींना वाटते, ‘ग’ हा पक्ष्याच्या आवाजावरून आला. रशियन कानाला हंस ‘गा-गा-गा’ करतो आणि त्या ओरडण्याला रशियनमध्ये ‘गोगोतात’ असे क्रियापद आहे. तर्क आकर्षक आहे. पण लिथुएनियन हंसही ‘गा-गा’च करतात. तिथल्या क्रियापदाचे मूळ ‘गागेन्ति’ आहे. तोच आवाज ऐकून लिथुएनियनांनी आपल्या पक्ष्याच्या नावातला ‘झ’ हलवला नाही. जे कारण एका घरात लागू पडते आणि शेजारच्या घरात तीच परिस्थिती असून पडत नाही, ते फार तर मदतनीस कारण असू शकते.

४

आता घरच्या शब्दाचा पक्ष. त्याचे म्हणणे असे, की ज्या शब्दात पुढे ‘स’ आहे त्याच्या आरंभी पुन्हा ‘स’च्याच जातीचा ‘ज़’ येणे जिभेला जड गेले, म्हणून तिथे तालव्य ध्वनीचा ‘ज़’ होऊ न देता साधा कंठ्य ‘ग’ राहिला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांचे नाव या मताशी जोडले जाते. याला आपण विषमीकरण म्हणतो : एका शब्दातले दोन सारखे ध्वनी एकमेकांना टाळतात. संस्कृत शिकलेल्याला हे नवीन नाही. ‘धा’चे द्वित्व होऊन ‘धधाति’ होत नाही, ‘दधाति’ होते. ‘भू’चे ‘बभूव’ होते.

एका शब्दासाठी खास नियम काढणे ही पळवाट असते. म्हणून इथे मी हंसाला बाजूला ठेवून त्याच्यासारखे दुसरे कोण आहेत ते पाहते. बाल्टो-स्लाविकमध्ये तालव्य ध्वनीच्या जागी साधा ‘क’ किंवा ‘ग’ आलेले शब्द एकटेदुकटे नाहीत.

संस्कृत ‘श्वशुर’, ज्याचा आपण ‘सासरा’ केला, तो लिथुएनियनमध्ये ‘शेशुरस’ आहे. म्हणजे तालव्य ‘क’चा नियमाप्रमाणे ‘श’ झाला. रशियनमध्ये मात्र तो ‘स्व्योकर’ आहे, ‘क’ कायम. संस्कृत ‘अश्मन्’, दगड, याला लिथुएनियनमध्ये दोन वारस आहेत : ‘अश्मेनीस’ म्हणजे पात्याची धार आणि ‘अक्मुओ’ म्हणजे दगड. एकाच भाषेत एकाच मुळाचा एक शब्द नियमाने आणि एक नियमाविरुद्ध! रशियन ‘कामेन’ दुसऱ्याच्या बाजूने आहे. ऐकण्याचे क्रियापद, आपल्या ‘श्रवण’चे नातेवाईक, रशियनमध्ये ‘स्लूशात’ असे नियमाने आहे, तर लिथुएनियनमध्ये ‘क्लाउसीति’ असे ‘क’ धरून. इथे नियम मोडणारी लिथुएनियन आहे. आणि रशियन ‘कोसा’ म्हणजे गवत कापायचे लांब दांड्याचे विळे. अनेक अभ्यासक त्याचे नाते संस्कृत ‘शस्’ या कापण्याच्या धातूशी आणि ‘शस्त्र’शी लावतात. तिथेही ‘स’ऐवजी ‘क’ आहे, आणि शब्दात पुढे ‘स’ आहे, अगदी हंसासारखा.

या सर्वांना एकच कारण लागू पडत नाही. सासऱ्याच्या शब्दात पुढे येणाऱ्या ‘र’मुळे ‘क’ टिकला असे काहींचे म्हणणे आहे. लिथुएनियन ‘झासिस’मध्ये ‘स’ असूनही ‘झ’ टिकला आहे, म्हणजे विषमीकरण हा नियम नव्हता, फार तर कल होता. पण एक गोष्ट पक्की दिसते. तालव्य ध्वनींचे ‘स-श-ज़-झ’ होण्याची लाट बाल्टो-स्लाविक प्रदेशावरून गेली तेव्हा तिने सगळे शब्द सारखे भिजवले नाहीत. काही कोरडे राहिले, कधी या बाजूला, कधी त्या.

इथे मला कळीचा वाटणारा मुद्दा येतो. वरच्या शब्दांपैकी ‘क’ असलेल्यांवर उसनवारीचा आरोप तपासून पाहता येतो. याकोप ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे मूळ ‘क’चा जर्मानिकमध्ये ‘ह’ झाला. सासऱ्याला गॉथिक भाषेत ‘स्वेह्रा’ म्हणत. ‘अश्मन्’चा जर्मानिक भाऊ म्हणजे ‘हॅमर’, हातोडा. स्लाव लोकांनी हे शब्द जर्मानिकमधून घेतले असते तर त्यांत ‘क’ आला नसता. म्हणजे ‘स्व्योकर’ आणि ‘कामेन’ हे नियमभंग असूनही घरचेच ठरतात, त्यांच्यावर कुणी आरोप करतही नाही.

हंसाच्या बाबतीत हीच चाचणी चालत नाही, कारण तालव्य ‘घ’चा जर्मानिकमध्ये योगायोगाने ‘ग’च झाला. घरचा न बदललेला ‘ग’ आणि बाहेरून आलेला ‘ग’ दिसायला सारखेच. म्हणून संशय त्याच्यावर आला. पण शब्दाच्या अंगी असलेल्या दोषामुळे आलेला हा संशय नाही. आपल्या चाचणीची धार इथे बोथट आहे, म्हणून तो आला. ज्यांना चाचणी लागू पडली ते सगळे घरचे निघाले, तर ज्याला लागू पडत नाही त्याला परका म्हणण्याआधी जास्तीचा पुरावा मागितला पाहिजे.

असा पुरावा आहे का? थोडा आहे, आणि तो घरच्या बाजूने झुकतो. लिथुएनियनमध्ये झासिस हा स्वराघात हलणाऱ्या शब्दांच्या वर्गात मोडतो : एका विभक्तीत आघात शेवटावर, दुसरीत आरंभी. स्लाविकमधला शब्दही त्याच हलत्या वर्गातला आहे, तर जुने जर्मानिक उसने शब्द बहुधा स्थिर आघाताच्या वर्गात गेलेले दिसतात. हा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही, कारण ‘इ’कारान्त स्त्रीलिंगी शब्द स्लाविकमध्ये हलत्या वर्गाकडे ओढले जातात. पण तराजूत त्याचे वजन आहे. दुसरे, स्लाव लोकांच्या नद्या-दलदलींवरून दर साली रानहंसांचे थवे जात. पाळीव हंस शेजाऱ्याकडून आला असेलही, म्हणून डोक्यावरून उडणाऱ्याचे नाव त्यांच्याकडे नव्हते असे होत नाही.

या सर्वांवरून माझे मत असे, की स्लाव हंस घरचाच आहे. त्याचा ‘ग’ ही जुन्या, अर्धवट राहिलेल्या ध्वनिबदलाची खूण आहे.

५

आता ती लेक असल्याची गोष्ट. चेक भाषेतला ‘हुसा’ आणि आपला ‘हंस’ शेजारी ठेवा. कुणालाही वाटेल, या दोघांचे सख्य लिथुएनियन ‘झासिस’पेक्षा जवळचे. धर्मसुधारक यान हुस यांचे नाव याच शब्दावरून आहे. ते स्वतःही पत्रांतून आपल्या नावावर ‘हंस’ अशी कोटी करत. ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे त्यांना जिवंत जाळण्यात आले. हुस आणि हंस, एवढे साम्य पुरे नाही का?

नाही. चेकमधला ‘ह’ हा स्लाव ‘ग’पासून झाला, साधारण बाराव्या-तेराव्या शतकात, आणि तो चेकमधल्या जवळपास प्रत्येक ‘ग’ला झाला. संस्कृतातला ‘ह’ त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी तालव्य ‘घ’पासून झाला. फिनिश ‘हान्ही’तला ‘ह’ तिसराच आहे, उसन्या ‘झ’पासून झालेला. तीन भाषा, तीन ‘ह’, तीन वेगळे इतिहास. एकसारख्या दिसणाऱ्या या अक्षरांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट ‘झासिस’चा ‘झ’ आणि ‘हंस’चा ‘ह’ दिसायला वेगळे, पण हिम–झिएमा, वहामि–वेझु यांच्या साक्षीने तेच खरे जोडीदार. नाते सिद्ध होते ते वारंवार येणाऱ्या ठरावीक फरकाने. नुसत्या साम्याच्या याद्या इथेच फसतात.

शिवाय ‘झ’ हा ‘ह’पासून निघू शकत नाही. संस्कृतातल्या एकाच ‘ह’मध्ये अनेक जुने ध्वनी एकत्र मिसळले आहेत. ‘हन्ति’मधला ‘ह’ आणि ‘हिम’मधला ‘ह’ मुळात वेगळे होते, आणि लिथुएनियन त्यांना आजही वेगळे ठेवते : मारणे-हाकणे या अर्थाच्या नात्यातल्या शब्दांत तिथे ‘ग’ येतो, हिवाळ्यात ‘झ’. आईने जे एकत्र मिसळून टाकले ते लेकीने पुन्हा अचूक वेगळे केले, असे कधी होत नाही.

शब्दाचा शेवटही हेच सांगतो. मेंढ्यांचे षष्ठीचे अनेकवचन लिथुएनियनमध्ये ‘अव्यू’ होते, तसे हंसांचे ‘झास्यू’ व्हायला हवे. पण होते ‘झासू’. म्हणजे हा शब्द एके काळी व्यंजनान्त होता, *घ्यन्स् इथेच संपणारा. जर्मन ‘गान्स’ आणि ग्रीक ‘खेन’ त्याला दुजोरा देतात. ‘हंस’च्या शेवटचा ‘अ’ ही संस्कृतची स्वतःची भर आहे. लिथुएनियनमधले पहिले छापील पुस्तक, मार्टिनास माझ्वीदास यांची धर्मप्रश्नोत्तरी, १५४७ सालचे, ऋग्वेदानंतर सुमारे तीन हजार वर्षांचे. तरी या एका बाबतीत शेतकऱ्यांच्या तोंडी राहिलेले रूप अधिक जुने आहे. यात संस्कृतचा काहीच कमीपणा नाही. दोघी बहिणी आहेत आणि आईच्या वेगवेगळ्या वस्तू दोघींनी जपल्या आहेत.

एक वस्तू अर्थाचीही आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला हंस लांब, वाकड्या मानेचा, शुभ्र असतो. लिथुएनियनमध्ये त्या पक्ष्याला वेगळेच नाव आहे, ‘गुल्बे’. रशियनमध्ये ‘लेबेद’. ‘झासिस’ आणि ‘गूस’ म्हणजे जाड मानेचा, थव्याने उडणारा, गवत चरणारा पक्षी. जर्मन, ग्रीक, लॅटिन सगळ्यांची साक्ष तीच, एकटी आयरिश शुभ्र लांबमान्याकडे गेली. डच विद्वान झां फिलिप फोगेल यांनी भारतीय साहित्य आणि शिल्पातल्या या पक्ष्यावरच्या, १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र पुस्तकात दाखवले, की आपला हंसही मुळात हाच. हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या पाणवठ्यांवर उतरणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस ज्यांनी पाहिले असतील त्यांनी ‘झासिस’ पाहिला आहे.

स्लाव ‘ग’विषयी मी जे मत दिले ते एका अटीवर उभे आहे : बाकीचे नियमभंग करणारे शब्द घरचे आहेत, ही. उद्या कुणी ‘कोसा’चे किंवा ‘स्व्योकर’चे वेगळे मूळ दाखवून दिले, तर हंसाच्या बाजूचा एकेक साक्षीदार कमी होईल आणि उसनवारीचा पक्ष पुन्हा बळकट होईल. आपल्याकडच्या व्युत्पत्तिप्रेमींना माझी विनंती एवढीच, की याद्या करताना जुळणाऱ्या शब्दांबरोबर न जुळणाऱ्यांचाही एक रकाना ठेवावा. हंसाची ही सगळी हकिगत त्या दुसऱ्या रकान्यातून निघाली आहे.